बारा हजारांत रविवारची उपासना

मी तुम्हाला नेहमी 'मंडळी' म्हणून हाक मारतो. मराठी ख्रिस्ती समाजात या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. तिथे मंडळी म्हणजे चर्च. पण इमारत नव्हे, तिथे जमणारी माणसं. इमारत भाड्याची असेल, पत्र्याची असेल, नसेलसुद्धा, मंडळी असतेच. हा अर्थ जरा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तर मंडळी (म्हणजे तुम्ही), आजचा विषय आहे कमी पैशात उपासनेचं लाइव्ह स्ट्रीमिंग नीट कसं करायचं. 'नीट'वर जोर आहे. नुसतं करायचं तर काय, खिशातला फोन काढा, बटण दाबा, झालं. २०२० मध्ये सगळ्यांनी तेच केलं होतं.

थोडी पार्श्वभूमी. मी नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत कोड लिहितो आणि शुक्रवारी रात्री सेवाग्रामला घरी येतो. सेवाग्राम म्हटलं की बाहेरच्या लोकांना फक्त आश्रम आठवतो. इथे राहणाऱ्याला आधी दवाखाना आठवतो. कस्तुरबा हॉस्पिटल आणि १९६९ मध्ये सुरू झालेलं मेडिकल कॉलेज, यांच्या आधारानं अर्धं गाव जगतं. नर्सिंग, लॅब, ऑफिस, कॅन्टीन, कुठून कुठून माणसं नोकरीला आली आणि इथलीच झाली. त्यात ख्रिस्ती कुटुंबंही आहेत. त्यातल्या मराठीत उपासना करणाऱ्या चाळीसेक घरांची एक छोटी मंडळी आहे. स्वतःची इमारत नाही. रविवारी सकाळी वर्धा रोडवरचा एक हॉल भाड्यानं घेतात. एरवी तिथे साखरपुडे आणि वाढदिवस होतात, त्यामुळे प्रभूच्या वचनाच्या मागे भिंतीवर कधीकधी थर्माकोलचं 'हॅपी बर्थडे' राहून गेलेलं असतं.

मी ख्रिस्ती नाही. मला बोलावणं आलं ते 'तो कॉम्प्युटरमध्ये आहे' या एकाच पात्रतेवर. आपल्याकडे कॉम्प्युटरमधल्या माणसाला प्रिंटर, वायफाय, आधार अपडेट आणि इन्व्हर्टर हे सगळं आलंच पाहिजे असा नियम आहे. पण या वेळी बोलावणाऱ्या सिस्टरमावशी होत्या, त्यामुळे कुरकुर करायची सोय नव्हती.

सिस्टरमावशी आमच्या शेजारच्या. मूळच्या नगरकडच्या. तीस वर्षं वॉर्डात काढून रिटायर झाल्या. माझ्या लहानपणी माझी सगळी इंजेक्शनं त्यांनीच दिली आहेत, आणि आईला यायला उशीर झाला की वरणभातही त्यांनीच भरवला आहे. दीड वर्षापूर्वी खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण जिना उतरणं संपलं. त्यात डोळ्यांच्या पडद्याची झीज. कडेचं दिसतं, समोरचं नाही. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही, असं त्या हसत सांगतात. त्यांच्यासारखी मंडळीत आणखी सात-आठ माणसं. कुणाला डायलिसिस, कुणाला गुडघे, एक आजी नुसत्या म्हातारपणानं घरी.

या लोकांसाठी स्ट्रीम आधी होतं, हे विशेष. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं बंद झाली ती १६ नोव्हेंबरला, पाडव्याला उघडली. २०२१ च्या एप्रिलात पुन्हा बंद, आणि ७ ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशी पुन्हा उघडली. तेवढ्या काळात पाळकसाहेबांच्या फोनवरून उपासना घरोघरी जात होती. हॉलचं दार उघडलं आणि स्ट्रीम बंद पडलं. ज्यांना चालता येत होतं ते हॉलमध्ये गेले. ज्यांना येत नव्हतं त्यांचं लॉकडाउन चालूच राहिलं, फक्त आता त्यात ते एकटे होते.

असो. कमिटीची मीटिंग झाली, मलाही बसवलं. सेक्रेटरीकाका म्हणाले, "पाहा बावा, बारा हजार हायेत. त्यात चांगला कॅमेरा येते का सांग."

"काका, कॅमेऱ्याला एक रुपया नको."

"मंग लोकं पाह्यतील काय?"

प्रश्न बरोबर होता. आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट गॅदरिंग म्हणतात आणि निम्मे प्रोजेक्ट तिथेच मरतात, कारण जो वापरणार त्याला सोडून बाकी सगळ्यांना विचारलं जातं. कमिटीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर कुठलं तरी मोठं चर्च होतं: तीन कॅमेरे, निळे दिवे, स्क्रीनवर सरकणारी अक्षरं. मी म्हटलं, जे घरी आहेत त्यांना विचारून येतो. दोन संध्याकाळी आठ घरं केली.

मावशींनी २०२० ची जुनी रेकॉर्डिंग ऐकली होती. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेबांचा आवाज येतो रे बाळा, पण रिकाम्या खोलीत बोलल्यासारखा. माणसं कुठे गेली?"

मी म्हटलं, मावशी, तेव्हा खोली खरंच रिकामी होती.

"हो, पण नंतरचंही ऐकलं ना नाताळचं. तेव्हा होती माणसं. तरी ऐकू येत नाहीत." मग थोडं थांबून म्हणाल्या, "प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणतात ना, तेव्हा मागून एक जाडा आवाज येतो. नेहमी एक शब्द मागे. तो ऐकू आला की मला कळायचं, आज सगळे आलेत."

माझा सगळा स्पेसिफिकेशन डॉक्युमेंट या तीन वाक्यांत होता. बाकीच्या घरांतही थोड्याफार फरकानं तेच. एका काकांनी तर सांगितलं, चित्र छोट्या फोनवर काय दिसणार, मी फोन उशाशी ठेवतो आणि डोळे मिटतो.

आता माणसं ऐकू का येत नव्हती, ते बघा. हॉलमध्ये अहुजाचा अँप्लिफायर आहे, जसा भारतातल्या प्रत्येक हॉलमध्ये असतो. त्याच्या मागे लाइन आउट असतो. तिथून वायर काढून लॅपटॉपला दिली की स्वच्छ आवाज मिळतो, आणि इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले इथे संपतात. पण त्या वायरीतून काय येतं? जे माइकमधून गेलं तेवढंच. म्हणजे पाळकसाहेब आणि हार्मोनियमसमोरच्या माइकवर गाणाऱ्या दोन ताई. बाकीची नव्वद माणसं माइकवर नाहीत, म्हणून ती वायरीतही नाहीत. हॉलमध्ये बसलेल्याला हे कळत नाही कारण त्याचे कान हॉलमध्येच असतात. घरी मात्र शब्द पोचतो आणि मंडळी पोचत नाही. (सांगितलं होतं ना, तो अर्थ कामाला येईल.)

उलट बाजूला, नुसता फोन मागे ठेवला तर सगळी माणसं येतात, सोबत पंखे, खुर्च्या, बाहेरचे ट्रक येतात आणि संदेश मात्र विहिरीतून बोलल्यासारखा येतो. कारण साधं आहे. मोकळ्या जागेत आवाजापासूनचं अंतर दुप्पट केलं की पातळी ६ डेसिबलनं पडते, पण बंद हॉलमधली भिंतींवरून परतणारी गुंज सगळीकडे जवळपास सारखीच असते. त्यामुळे माइक लांब गेला की आवाज कमी होतो आणि हॉल उरतो.

म्हणून दोन्ही पाहिजेत. एक वायर अँप्लिफायरमधून, एक माइक माणसांसाठी. आणि दोन्ही वेगवेगळे कमीजास्त करता आले पाहिजेत. दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस सीताबर्डीत एका दुकानात जुना मिळाला, साडेतीन हजारांत. दुसरा माइक अठराशेचा. लॅपटॉप एका पंचांच्या मुलीचा जुना. ओबीएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, २०१२ पासून आहे, आणि गेम खेळणाऱ्या पोरांसाठी निघालेलं हे प्रकरण आज जगभरातल्या चर्चमध्ये चालतं.

माइक कुठे टांगायचा यावर दोन शनिवार गेले. लोकांच्या डोक्यावर, तिसऱ्या रांगेच्या वर, लाउडस्पीकरच्या पाठीमागच्या बाजूला आणि पंख्याच्या वाऱ्याच्या बाहेर अशी एकच जागा त्या हॉलमध्ये निघाली. पंखे बंद करा असं सांगायची सोय नाही. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या वर जातो. त्या दिवशी पंखा बंद केला तर उपासनेऐवजी अंत्यविधी स्ट्रीम करावा लागेल. पंख्याची घरघर बरीचशी खालच्या पट्टीत असते, म्हणून माइकवर १२० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं. तेवढ्यानं पुष्कळ निभावलं.

इथे एक मोह होतो, तो टाळा. ओबीएसमध्ये नॉइज सप्रेशन नावाचा फिल्टर आहे. तो बोलणं ओळखायला शिकलेला आहे. बोलणं नसलेलं ते सगळं त्याच्या लेखी कचरा. शनिवारच्या चाचणीत तो लावून बघितला तर पंखा गेला, मागोमाग हार्मोनियम गेली, मग तबला गेला, आणि समूहाचं गाणं अधूनमधून बुडत्या माणसासारखं वर येत राहिलं. मीटिंगच्या ॲपांमध्ये हाच प्रकार आपोआप चालू असतो, म्हणून त्यावरून गायलेलं भजन किंवा गीत इतकं केविलवाणं ऐकू येतं. पंखा थोडा ऐकू आला तर येऊ द्या. घरी बसलेल्यांना माहीत आहे की मे महिना आहे.

दुसरा त्रास म्हणजे 'हूंऽऽऽ'. वायर जोडली की मागे सतत एक हुंकार. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला की गायब, म्हणजे निदान झालं: ग्राउंड लूप. अँप्लिफायर एका सॉकेटवर, लॅपटॉप दुसऱ्या, दोघांच्या अर्थिंगमधून ५० हर्ट्झचा करंट आपल्या ऑडिओच्या वायरीतून फिरतोय. साडेतीनशे रुपयांचा आयसोलेटर मध्ये टाकला, शांत झालं.

तिसरा बारीक मुद्दा, पण मला सगळ्यात आवडलेला. आवाज साधारण एका मिलिसेकंदाला एक फूट चालतो. स्पीकरपासून माझा माइक अठ्ठावीस फुटांवर. म्हणजे पाळकसाहेबांचा शब्द वायरीतून लगेच येतो आणि माइकमधून सुमारे २५ मिलिसेकंदांनी पुन्हा येतो. दोन्ही मिसळले की पिंपात बोलल्यासारखं वाटतं. ओबीएसमध्ये वायरीचा आवाज तेवढाच उशिरा करता येतो. २५ टाकलं आणि पिंप नाहीसं झालं! (कंपनीत सहा महिन्यांत एवढं समाधान देणारा बग मी सोडवलेला नाही.)

राहता राहिली गुंज. हॉलच्या तीन भिंती उघड्या, एकीला काचा. इथे मी आश्रमातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेचा विचार करत होतो. लहानपणापासून कितीदा तरी बसलोय तिथे. उघड्या मैदानात, जमिनीवर, सगळे जवळजवळ. भिंतीच नाहीत, त्यामुळे परतून येणारा आवाजही नाही. हळू म्हटलेलं स्पष्ट ऐकू येतं. हॉलच्या भिंती तर पाडता येत नाहीत. पण मागच्या भिंतीवर चार जाड सतरंज्या टांगल्या, हॉलच्याच. लग्नात खाली घालतात त्या. उपासना संपली की काढून घडी करायच्या. खर्च शून्य, फरक कानाला कळेल इतका.

मग इंटरनेट. हॉलमध्ये ब्रॉडबँड नाही. फोनच्या डेटावर भागवायचं. लोक स्पीड टेस्ट करतात आणि डाउनलोडचा आकडा बघून खूश होतात. आपल्याला अपलोड लागतो. आणि तो शनिवारी रात्री अकराला मोजून उपयोग नाही, रविवारी सकाळी दहाला, लोक हॉलमध्ये असताना मोजायचा, कारण तेव्हा नव्वद खिशांतले नव्वद फोनही त्याच टॉवरला चिकटलेले असतात. तीन रविवार मोजला. वाईटात वाईट दीड एमबीपीएस. त्याच्या दोनतृतीयांशाच्या आत राहायचं ठरवलं: चित्राला ८०० केबीपीएस, आवाजाला १२८. चित्र त्यात ४८०पीचं येतं, थोडं मऊ, पण अडकत नाही. दीड तासाला सव्वासहाशे एमबी होतात, म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये बसतं. नेट फारच पडलं तर चित्राऐवजी एक स्थिर फोटो. नुसता आवाज दीड तासाला ८६ एमबीत जातो आणि आठपैकी सहा घरांना फरकही पडत नाही. फोन खिडकीत ठेवायचा आणि लॅपटॉपला वायरीनं जोडायचा, हॉटस्पॉटनं नाही.

यूट्यूबबद्दल एक कामाची गोष्ट: फोनच्या ॲपवरून लाइव्ह जायला चॅनेलला किमान ५० सबस्क्रायबर लागतात, पण कॉम्प्युटरवरून जायला तशी अट नाही. फोन नंबर व्हेरिफाय करायचा आणि पहिल्यांदा २४ तासांपर्यंत थांबायचं. म्हणजे शनिवारी संध्याकाळी चॅनेल उघडून रविवारी सकाळी लाइव्ह जाऊ म्हणाल तर फसाल. गीतांच्या हक्कांची भीती एका पंचांना होती. भारतात कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी शब्द सगळ्यांचे होतात. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले, तेव्हा त्यांची गीतं खुशाल गा. कॅसेट किंवा सीडी लावली तर मात्र तो वेगळा हक्क, ती लावू नका. तशीही हार्मोनियम आहेच की.

चालवणार कोण? मी दर रविवारी असेनच असं नाही. सेक्रेटरीकाकांची नात अकरावीत आहे, तिला शिकवलं. इंटरफेसच्या माणसांच्या माइकच्या बटणावर तिनं नेलपॉलिशच्या दोन खुणा केल्या आहेत, लाल म्हणजे संदेश, निळी म्हणजे गीत. गीत सुरू झालं की निळीवर, संदेश सुरू झाला की लालवर. मी तिला एक सांगितलं होतं की हेडफोनवर ठरवू नकोस, स्वस्तातल्या फोनच्या स्पीकरवर ऐकून बघ, कारण लोक त्यावरच ऐकणार आहेत. तिसऱ्या रविवारी तिनं मला न विचारता संदेशाची खूण थोडी वर सरकवली. म्हणाली, "दादा, कोणी खोकललं ना, थे ऐकू आलं पाह्यजे." तिला कोणी सांगितलं काय माहीत. मी काहीच बोललो नाही.

इथवर सगळं इंजिनीअरिंग. ते सोपं होतं. अवघड भाग पुढे आहे.

कमिटीत एक जुने पंच आहेत, हयातभर शाळेत शिकवलेले. त्यांचा पहिल्या दिवसापासून विरोध. वायरीतून उपासना होते का, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न नवा नाही. अमेरिकेत पिट्सबर्गला २ जानेवारी १९२१ रोजी एका चर्चची संध्याकाळची उपासना रेडिओवरून पहिल्यांदा प्रसारित झाली. स्टेशन सुरू होऊन दोनच महिने झाले होते. तिथे तंत्रज्ञांना गायकवृंदाचे झगे घालून बसवलं होतं म्हणतात, जमलेल्यांचं लक्ष जाऊ नये म्हणून. मला ही गोष्ट फार आवडते. (झगा घालायची माझीही तयारी होती, मापाचा नव्हता.) आणि आपल्याकडचं उदाहरण तर जवळचंच. गांधीजी दिल्लीच्या आकाशवाणीच्या स्टुडिओत आयुष्यात एकदाच गेले, १२ नोव्हेंबर १९४७ ला, दिवाळीच्या दिवशी. कुरुक्षेत्रच्या छावणीत फाळणीतले निर्वासित होते, त्यांच्यापर्यंत जाणं जमलं नाही, म्हणून रेडिओवरून बोलले. रोजच्या प्रार्थनासभेत ते ज्या बैठ्या तख्तपोसावर बसत, तसाच स्टुडिओत मांडला होता. ती तारीख आता लोकसेवा प्रसारण दिन म्हणून पाळतात. मी हे सरांना मोठ्या उत्साहानं सांगितलं.

सर ऐकून घेऊन म्हणाले, "बरोबर आहे. पण ते जाता आलं नाही म्हणून बोलले. आपल्याला जाता येतं. सिस्टरबाईंचं घर हॉलपासून किती लांब आहे?"

दीड किलोमीटर.

"स्ट्रीम चांगलं झालं की लोकांना वाटेल, मिळते ना त्यांना उपासना घरी. मग जाईल कोण त्यांच्याकडे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि गंमत म्हणजे, नंतर कळलं की मावशींनाही हीच धास्ती होती. मला बोलावलं त्यांनी, पण मनात हेही होतं. स्ट्रीम सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात त्या सहज बोलून गेल्या, की आधी पंधरा दिवसांनी कुणी ना कुणी यायचं, आता फोन येतो, 'मावशी, ऐकलं ना? आवाज बरा होता ना?' आवाज बरा होता. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस मात्र वायरीतून येत नाही, म्हणून पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतातच. बाकीच्यांचं येणं कमी झालं हे खरं आहे. मी मोजलेलं नाही, पण मावशींनी मोजलंय.

सरांनी यावर एक काम सुरू केलं. संध्याकाळी स्वतः आठ घरांना फोन लावतात आणि विचारतात, आज कुठलं गीत होतं? ज्याला सांगता येत नाही, त्याच्याकडे सोमवारी कुणाला तरी पाठवतात. हेरगिरी आहे सरळ सरळ. पण शिक्षकाची खोड, जायची नाही. एकदा डायलिसिसवाल्या काकांना सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं तर त्यांचा फोन चार दिवस बंद होता आणि तेही बरे नव्हते. त्याच दुपारी दवाखान्यात नेलं. त्यानंतर सरांच्या हेरगिरीला कुणी हसत नाही. येणं पुन्हा पूर्वीसारखं झालं का? नाही. थोडं झालं.

दुसरा अवघड भाग कॅमेऱ्याचा. उपासनेत आजाऱ्यांसाठी प्रार्थना असते. नावं घेतात, आजार सांगतात, कुणाच्या घरातलं भांडण, कुणाची नोकरी गेलेली. मंडळीत हे बोललं जातं कारण ती मंडळी आहे. तेच यूट्यूबवर कायमचं पडून राहिलं तर? शिवाय काही माणसं अशी आहेत, ज्यांना आपला चेहरा चर्चमध्ये बसलेला इंटरनेटवर नको आहे. कारणं त्यांची, विचारायची गरज नाही. म्हणून ठरलं ते असं: लिंक अनलिस्टेड, आठ घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपपुरती. कॅमेरा म्हणजे एक जुना फोन, भिंतीला पक्का, फक्त पुलपिटकडे तोंड. लोकांच्या पाठीसुद्धा दिसत नाहीत. आजाऱ्यांच्या प्रार्थनेत आडनावं नाहीत. आणि सोमवारी रात्री रेकॉर्डिंग डिलीट.

डिलीटवरून वाद झाला. "मेहनत करून राहिला तू एवढी अन् पुसून टाकायची काऊन?" असं सेक्रेटरीकाका. त्यांना चॅनेल वाढवायचा होता. पाळकसाहेबांनाही मनातून आवडलं असतं, दिसत होतं. संदेश त्यांचे चांगले असतात, मी बाहेरचा माणूस असून ऐकत बसतो. पण शेवटी तेच म्हणाले की रविवारी हॉलमध्ये म्हटलेलं सोमवारी हॉलमध्ये शिल्लक नसतं, तर घरीही नसू दे. त्यातल्या त्यात मार्ग म्हणजे नुसता संदेश, प्रार्थना वगळून, आवाजाची फाइल करून वेगळा ठेवतात.

मावशींकडचं शेवटचं टोक सांगायचं राहिलं. तिकडे बाराशेचा एक ब्लूटूथ स्पीकर दिलाय. शेजारची मुलगी साडेनऊला लिंक उघडून देते. यूट्यूब वीसेक सेकंद मागे असतं, त्याची अडचण एकाच घरी आली, नवराबायको दोन फोनवर ऐकत होते आणि दोघांचा आमेन वेगवेगळ्या वेळी यायचा. एक फोन बंद करायला लावला. कुणाचा, यावर दोन दिवस गेले.

एकूण हिशेब: इंटरफेस ३,५००, माइक १,८००, वायरी-जॅक-आयसोलेटर धरून १,१५०, हूक आणि दोरी ६०, स्पीकर १,२००. झाले ७,७१०. उरलेले ४,२९० सेक्रेटरीकाकांच्या वहीत जमा आहेत आणि त्यांच्या डोक्यात त्यांचा कॅमेरा झालेला आहे. एका पंचांचा पुतण्या नाताळला दुबईहून येणार, तो स्वस्तात आणतो म्हणे. आणू दे. मागच्या भिंतीपासून लॅपटॉपपर्यंत वायर साधारण वीस मीटर होते, आणि साध्या एचडीएमआय केबलवर पंधरा मीटरच्या पुढे चित्राचा भरवसा नसतो, तेवढं त्याला आधी कळवायला सांगितलं आहे.